काढलेला परिच्छेद

आमच्या वेबसाइटवर लेख पाठवणाऱ्यांसाठी जे नियम आहेत, ते मी लिहिले. मूळ यादीत अकरा होते. त्यातला सातवा आता तिथे नाही, पण मला तो अजून तोंडपाठ आहे: 'स्वतःचे अनुभव, आठवणी, उपदेश लेखात नकोत. वाचकाला उत्तर हवे असते, लेखक नको असतो.'

हे दुसरं वाक्य सुचल्यावर मी स्वतःवरच खूश झाले होते. नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी नोकरी करते. मशीन आणि कंप्युटर यांचं आपसातलं बोलणं चालू ठेवायचं, हे माझं काम. पत्र्यावर डाय, म्हणजे साचा, दाबून भाग काढणाऱ्या प्रेसने दिवसभरात किती तुकडे काढले, ती केव्हा अडली, कशाने अडली, हे सगळं मशीनकडून कंप्युटरपर्यंत यावं लागतं आणि त्यासाठी छोटे छोटे प्रोग्रॅम लिहावे लागतात. मी ते शिकले इंग्रजी पानांवरून, ठेचकाळत. लातूरकडून डिप्लोमा करून आलेली मुलगी मी. एकेका वाक्यापाशी अडून बसायची. म्हणून पुढे जुन्या नोकरीतल्या तीन मित्रांनी मराठीत अशी एक वेबसाइट काढायचं ठरवलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. प्रोग्रॅम लिहिताना जो अडेल त्याने विचारावं, ज्याला येतं त्याने लेख लिहून सांगावं, इतकं साधं. बाकीची तांत्रिक बाजू त्या तिघांकडे आणि आलेले लेख तपासणं माझ्याकडे.

सुरुवातीचे लेख म्हणजे कहर होता. 'नमस्कार मित्रांनो' पासून सुरू होऊन दोन परिच्छेद गावच्या यात्रेत जायचे. कोड म्हणून स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो, त्यात कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा अंगठा. तो कोड वाचणाऱ्याने उचलायचा कसा? म्हणून मी नियम केले. शीर्षकात अडचण काय ते सांगा. एरर जशी आली तशीच टाइप करा. कोड वेगळ्या चौकटीत ठेवा, आणि एका लेखात चौकट एकच हवी, म्हणजे वाचकाला सगळा कोड एका दमात उचलता येईल. अटीखालच्या ओळीच्या सुरुवातीला चार स्पेस, कमी नाही की जास्त नाही. कारण आम्ही जी भाषा शिकवायचो तिच्यात कुठली ओळ कुठल्या अटीखाली येते हे त्या मोकळ्या जागेवरूनच ठरतं. जागा चुकली की अर्थ बदलतो. आणि मग तो सातवा.

नियमांचा उपयोग झाला, हे खरं. पानं स्वच्छ झाली. लोक म्हणायचे, तुमच्या साइटवर कसं मुद्द्याचंच असतं. दर रविवारी सकाळी मोशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर बसून मी आठवड्याचे लेख निपटून काढायची. काढून टाकण्यात हात चांगला बसला होता माझा.

तशाच एका रविवारी त्याचा लेख आला. चाकणच्या पुढे भामा नदीच्या अंगाला असलेल्या एका गावातला माणूस. कुठल्याशा कंपनीत मेंटेनन्सला. प्रोग्रॅमिंग आपलं आपण शिकलेला. विषय माझ्याच कामाचा होता: प्रेसचा अलार्म कंप्युटरवरून कसा वाचायचा आणि रिसेट कसा करायचा. सेन्सरवर तेलाचा थेंब उडाला तरी प्रेस अलार्म देऊन थांबते. मग कुणीतरी जाऊन रिसेटचं बटण दाबलं की ती पुन्हा चालू होते, तोवर लाइन उभी. केबिनमध्ये बसल्याजागी ते करता आलं तर प्रत्येकालाच हवं असतं. आतला विचार पक्का होता. पण मांडणी बघवत नव्हती. ओळींच्या सुरुवातीला कुठे दोन स्पेस, कुठे पाच, कुठे काहीच नाही. मी परत पाठवला: 'नियम ४ पाहा.'

आठवड्याने पुन्हा आला. तसाच. मी लिहिलं, 'कृपया एकदा तरी नियम वाचून मग पाठवावे.'

तिसऱ्या वेळी लेखाबरोबर दोन ओळी होत्या. 'मॅडम, वाचले. परत परत वाचले. स्पेस देताना कमी जास्त होतंय. सवयीनं सुधारेल. तवर सांभाळून घ्या.'

मी कंटाळून स्वतःच जागा नीट केल्या. आणि तेव्हा प्रथमच तो लेख शेवटपर्यंत वाचला.

त्याने कोडच्या दोन चौकटी केल्या होत्या. पहिलीत अलार्म वाचणं, दुसरीत रिसेट करणं. आणि दोन्हींच्या मध्ये हे होतं:

'इथं थांबा. पुढची ओळ चालवायच्या आधी खुर्चीतून उठा आणि मशीनपर्यंत चालत जा. डायमध्ये कुणाचा हात नाही ना, हे डोळ्यांनी बघा. कंप्युटरला माणूस दिसत नाही, त्याला फक्त अलार्म दिसतो. मी एकदा चालत गेलो नाही. केबिनपासून मशीन चाळीस पावलांवर होतं. माझ्या चुलतभावाचा हात आत होता. तो ओरडला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी मला हाक मारतंय.'

मी हे वाचलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी वाचलं. शेवटच्या वाक्यापाशी थांबलेही. पण त्या दिवशी रांगेत अजून बरेच लेख होते, दुपारी सांगवीला नणंदेकडे जायचं होतं, आणि परिच्छेद उघडउघड सातव्या नियमात येत होता. मी तो निवडला आणि काढला. दोन चौकटी जोडून एक केली. लेखाच्या शेवटी माझ्या हाताने एक ओळ घातली: 'टीप: मशीनवर काम करताना सुरक्षिततेची काळजी घ्यावी.' तशी ओळ आम्ही सगळीकडेच घालायचो.

प्रसिद्ध करण्याआधी लेखकाला दाखवायची पद्धत होती. त्याचं उत्तर तासाभरात आलं. 'मॅडम, बाकी काय पण काढा. तेवढं राहू द्या.'

मी लिहिलं, 'नियम क्र. ७. सुरक्षिततेची टीप शेवटी दिली आहे. धन्यवाद.'

लेख खूप वाचला गेला. भोसरी, चाकण, तळेगाव, पार औरंगाबादकडून लोक 'मस्त लेख' म्हणून लिहायचे. आणि मग मी आणखी एक गोष्ट केली, जी मला त्या काढण्यापेक्षाही जास्त छळते. लेखकांना नियम नुसते वाचून कळत नाहीत, उदाहरण दाखवावं, असं आमच्यात ठरलं. मी नियमांच्या पानावर दोन भाग केले: 'असे नको' आणि 'असे हवे'. 'असे हवे'मध्ये त्याचा स्वच्छ केलेला लेख. 'असे नको'मध्ये त्याचा मूळ लेख, वेड्यावाकड्या ओळींसकट, आणि त्या परिच्छेदावर आडवी रेघ. नाव अर्थातच काढलं होतं. मला वाटलं, तेवढं पुरे.

त्यानंतर त्याच्याकडून काही आलं नाही. मला ते जाणवलंही नाही.

काही महिने गेले. एका दुपारी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवता जेवता मी मोबाइलवर साइट उघडली. त्या लेखाखाली एक नवा प्रश्न आला होता. तो माझ्याकडे अजून जपून ठेवलेला आहे.

'लेखातील कोड जसाच्या तसा वापरला. अलार्म व्यवस्थित रिसेट होतो. परंतु काल रिसेट झाल्यावर प्रेस एकदम खाली आली. आमच्या माणसाचा हात आत होता. रिसेटच्या आधी प्रेस रोखून धरायची असेल तर कोणती ओळ टाकावी? कृपया लवकर सांगावे.'

प्रश्न आमच्या नियमांत तंतोतंत बसणारा होता. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. एकही शब्द फालतू नाही.

समोर बसलेली मैत्रीण म्हणाली, "अगं, भात गार झाला." मी उठून हात धुतले. जिन्यात उभी राहून आधी तो लेख साइटवरून उतरवला. मग प्रश्न विचारणाऱ्याला लिहून त्याचा नंबर मागितला. तो लगेच आला.

भोसरीतलं लहानसं वर्कशॉप होतं. फोनवर बोलत होता तो तिथला मालक. आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता.

"मधली दोन बोटं गेली," तो म्हणाला. "अंगठा वाचला. मेव्हणाच आहे माझा. तुकडा अडकला होता, तो काढायला वाकला होता. मला इथे केबिनमधून वाटलं, नेहमीसारखा फॉल्टी अलार्म आहे. आपण कोड बसवलाय म्हटल्यावर कोण उठतंय?"

मी काहीतरी पुटपुटले.

"लेख चांगला होता हो, मॅडम," तोच मला म्हणाला. "एकदम क्लिअर. चूक माझीच आहे."

तिथे गप्प राहता आलं असतं. मला नाही राहवलं. मी म्हटलं, "त्या लेखात एक परिच्छेद होता. मी काढला."

"काय होतं त्यात?"

परिच्छेद मोबाइलवर समोरच होता, नियमांच्या पानावर, रेघेखाली. मी तो वाचून दाखवला. जिन्यातून दुसऱ्या शिफ्टची माणसं वर येत होती, मी भिंतीकडे तोंड करून वाचत होते. संपल्यावर तिकडून वर्कशॉपमधला कसलातरी पंखा तेवढा ऐकू येत होता.

"हे मी वाचलं असतं," तो म्हणाला. एवढंच. आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याने माझा फोन कधी उचलला नाही.

त्या दिवसापासून प्रेसशॉपमध्ये अलार्मचा तो टी-टी आवाज झाला की माझे पाय आपोआप मशीनकडे वळायचे, ते माझं काम नसतानाही. ऑपरेटर लोक हसायचे. "मॅडम, तुम्ही कशाला पळताय, आम्ही आहोत की." मी पावलं मोजायची. आमच्याकडे केबिनपासून पहिली प्रेस एकतीस पावलांवर आहे. कंपनीच्या बसमध्ये, भाजीच्या गाड्यापाशी, सोसायटीच्या लिफ्टमध्ये मला हाक मारल्याचा भास व्हायचा. मी वळून बघायची. नवरा म्हणायचा, "कुणी नाही गं." कुणी नाही हे मला माहीत होतंच. त्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य माझ्या कानाला चिकटलं होतं. लिहिणाऱ्याच्या कानाचं काय होत असेल, हे तोवर माझ्या मनात आलं नव्हतं.

मी त्याला लिहिलं. सगळं लिहिलं, भोसरीचंही. आठ दिवस उत्तर नाही. मग एक ओळ आली. 'रविवारी सकाळी घरी असतो.'

मी स्कूटर काढून गेले. चाकणच्या मार्केटच्या बाहेर कांद्याचे ट्रक लागले होते, त्यातून वाट काढत पुढे. गावात विचारल्यावर एका म्हाताऱ्या बाईंनी हात केला: "ते कंपनीवालं व्हय? त्या चाळीच्या मागं." कांदे साठवायची चाळ, तिच्या मागे शेजारी शेजारी दोन स्लॅबची घरं, मध्ये एकच अंगण. दोरीवर कंपनीचे निळे शर्ट वाळत होते.

तो बाहेरच उभा होता. पंचेचाळिशीचा, काटक, डोक्यावर अर्धे पांढरे केस. "या ताई," म्हणाला आणि खुर्ची पुढे सरकवून स्वतः पायरीवर बसला.

इतक्यात शेजारच्या घरातून दुसरा माणूस आला, वयाने जरा लहान, अंगाने भरलेला, तोंडभर हसणारा. "स्पेसवाल्या ताई न्हवं का तुमी?" त्याने विचारलं. डाव्या हातात पाण्याचा तांब्या होता. उजवा हात त्याने लपवला नव्हता. त्याला अंगठा होता आणि करंगळी होती.

मी तांब्या घेतला. पाणी प्यायले.

"लई बोलनी खाल्ली आमी तुमची," तो समोर बसत म्हणाला. "ह्यो सांगायचा, मी टाइप करायचो. ह्याला टायपिंगचा कंटाळा. मी डाव्या हातानं मारतो सगळं, आन् स्पेसला ह्यो उजवा अंगठा आडवा पडतो. कवा दोन बसत्यात, कवा पाच. 'एकदा तरी नियम वाचून पाठवा', आसं आलं तुमचं. म्हनलं, वाचलं हाय ओ बाई, पन अंगठा ऐकंना."

तो हसत होता. मला हसता येईना आणि रडणं शोभलं नसतं.

मी भोसरीचं सांगायला लागले. लिहिलं होतंच, तरी तोंडाने सांगितलं. लेखक खाली मान घालून ऐकत होता. चुलतभावाने विचारलं, "किती बोटं?"

"दोन. मधली."

त्याने आपल्या हाताकडे बघितलं. "कोवळा हाय का मानूस?"

"तिशीचा असेल."

"व्हईल सवय," तो म्हणाला. "शर्टाच्या गुंड्यांना वेळ लागतो."

लेखक उठून चाळीकडे गेला, एका कप्प्यातले दोन-चार सडके कांदे काढून बाजूला टाकले, उगाच. तो ऐकण्याच्या पलीकडे गेलाय असं बघून चुलतभाऊ माझ्याकडे सरकला.

"ताई, राग म्हनून न्हाई सांगत. त्या अपघातानंतर ह्यानं माझं सगळं केलं. दवाखाना केला. माझा कांदा ह्यानं काढला, ह्यानं भरला. माझ्या पोरीला शाळंत सोडायचा रोज. पन तेवढं एक बोलला न्हाई. कंपनीच्या कागदात आलं, मशीन बिघाड. मला म्हाईत व्हतं केबिनमधी कोन व्हतं ते. त्याला बी म्हाईत व्हतं, की मला म्हाईत हाय. पन रोज समोरासमोर चहा प्यायचो आन् गप. दोन वर्सं गेली आशी. मग ह्यो लेख आला डोक्यात. ह्यो सांगतोय, मी मारतोय. आर्धा झाला आन् ह्यो मधीच म्हनला, लिही, इथं थांबा. मी लिवलं. मग म्हनला, चालत जा. मग म्हनला, मी एकदा चालत गेलो न्हाई."

त्याने चाळीकडे एक नजर टाकली.

"मी मान वर केली न्हाई. त्याच्याकडं बघितलं आसतं, तर त्यो थांबला आसता. नुसता मारत गेलो. समदं लिवून झाल्यावर म्हनलं, वाचून दाखवू का? म्हनला, नको, पाठव." त्याने करंगळीने गुडघ्यावरची धूळ उडवली. "दोन वर्सांत माझ्याशी ह्यो तेवढंच बोलला त्या अपघाताबद्दल. आन् तुमी त्याच्यावर रेघ मारली."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं." हे म्हणताना मला ते किती हलकं आहे ते कळत होतं.

लेखक परत आला होता. शेवटचं त्याने ऐकलं असावं. "जाऊ दे रं," तो भावाला म्हणाला. "त्यांना काय म्हाईत." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आमच्या लाइनवरच्या एकानं दाखवलं मला तुमचं ते पान. 'असे नको' म्हनून. त्याला ठावं न्हवतं माझं हाय ते. म्हनला, बघ राव, लोक कायपन लिवत्यात. मी बघितलं. म्हनलं, बराबर हाय. आसं नकोच हाय."

त्याच्या घरातून कुणीतरी चहा आणून ठेवला. आम्ही तिघांनी तो प्यायला. निघताना मी विचारलं, "लेख परत लावू का? परिच्छेदासकट?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बहुतेक त्या गोष्टीवरून ते प्रथमच एकमेकांकडे बघत असावेत. मला तसं वाटलं, मला खात्री नाही.

"लावा," लेखक म्हणाला. "पन त्या भोसरीच्या मानसाचं बी लिवा त्यात."

"आणि माझं?"

"ते तुमचं तुमी बघा."

महिनाभराने मी लेख परत लावला. चौकटी पुन्हा दोन केल्या. परिच्छेद त्याच्याच शब्दांत मध्ये ठेवला, त्याखाली भोसरीत काय झालं ते लिहिलं, आणि त्याखाली मी काय काढलं होतं आणि का, हेही. ते लिहायला मला चार रविवार लागले. नियमांच्या पानावरून 'असे नको' काढून टाकलं. सातवा नियम काढला आणि त्याजागी लिहिलं की ज्या ओळीमुळे माणसाला इजा होऊ शकते, त्या ओळीच्या आधी कोड तोडावा, आपल्या शब्दांत सांगावं, आणि संपादकाने त्या शब्दांना हात लावू नये. मित्रांपैकी एक म्हणाला, यादीत हा नियम जरा वेगळाच दिसतो. मी म्हटलं, दिसू दे. ते दोघे पुन्हा लेख पाठवायला लागले. स्पेस मी नीट करते. बाकी जसंच्या तसं.

इथे हे संपायला हवं होतं. पण आधीचा लेख, माझा स्वच्छ केलेला, केव्हाच बाहेर पडला होता. तो मी आमच्या पानावरून उतरवला, एवढंच. शोधायला बसले तेव्हा तो दुसऱ्या तीन साइटवर सापडला, लेखकाच्या नावाशिवाय. मेंटेनन्सवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याची पीडीएफ फिरते. एका ट्रेनिंगच्या पुस्तिकेत तो छापलेला मी पाहिला. मी प्रत्येकाला लिहिते, विनवते. काही काढतात. काही उत्तर देत नाहीत.

गेल्या पावसाळ्यानंतर मी आमच्या कंपनीला भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीसाठी गेले होते. चाकणलाच. सुपरवायझर पोरगेला होता, हुशार, सगळं उत्साहाने दाखवत होता. एका प्रेसचं पॅनल उघडलं तर दाराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने कागद लावलेला. मला तो लांबूनच ओळखू आला. सरळ शीर्षक. एकच चौकट. ओळींआधी मोजून चार स्पेस. शेवटी माझी टीप.

"हा लई भारी लेख आहे, मॅडम," तो म्हणाला. "इथं सगळे हाच वापरतात."

मी त्याला सगळं सांगितलं, तिथेच, मशीनच्या आवाजात. त्याने लक्ष देऊन ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी नव्या लेखाची प्रिंट काढून त्याला नेऊन दिली, दोन चौकटींची, मधल्या परिच्छेदासकट. त्याने माझ्यासमोर ती पॅनलमध्ये लावली.

महिन्याने पुन्हा गेले. पॅनल उघडायला लावलं. दोन्ही कागद तिथे होते. वर जुना, त्याच्या खाली नवा, जवळजवळ झाकलेला.

"हा का वर आहे?" मी विचारलं.

तो ओशाळला. "नवीन चांगलाय, मॅडम. पण जरा लांब आहे. घाईत जुना बरा पडतो. सुटसुटीत आहे."

मी हात घालून जुना कागद ओढून काढला. चिकटपट्टीबरोबर पॅनलचा थोडा रंगही आला. कागदाची घडी करून मी पर्समध्ये ठेवली. मला वाटलं तो रागावेल. तो मुळीच रागावला नाही. उलट माझी समजूत घालावी तसा म्हणाला,

"असू द्या, मॅडम, न्या. माझ्या मोबाइलमध्ये फोटो आहे."